कामगंध सापळ्यातली शून्यं : एम.एस्सी.च्या एका प्रकल्पाचा प्रकरण अभ्यास

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचं महाविद्यालय. प्राणिशास्त्राचा विभाग लहान, विद्यार्थी बहुतेक आसपासच्या खेड्यांतून एस.टी.ने येणारे, आणि जवळपास प्रत्येकाच्या घरी थोडंफार वावर. एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी संशोधन प्रकल्प करावा लागतो. या विद्यार्थिनीने विषय घेतला तो घरचाच: कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीचे पतंग कामगंध सापळ्यात कधी आणि किती येतात. मी तिची मार्गदर्शक होते. तिच्या संमतीने हे लिहिते आहे. तिची किंवा गावाची ओळख पटेल असं काही यात ठेवलेलं नाही.

थोडक्यात सांगायचं तर तिच्या नोंदवहीत काही शून्यं होती आणि ती निरीक्षणाची नव्हती. त्यांच्यावर एक निष्कर्ष उभा राहिला होता. दिसायला तो इतका नीटनेटका होता, की प्रबंधात तसाच गेला असता तर कुणी हटकलं नसतं.

विषय घरचाच का

प्रकल्प म्हटलं की मुलांना काहीतरी मोठं हवं असतं: जनुकं, नॅनोकण, कर्करोग. आमच्याकडे त्यासाठी लागणारी यंत्रं नाहीत, आणि असती तरी रसायनांचा खर्च झेपला नसता. मग मुलं बाहेरच्या प्रयोगशाळेत नमुने देतात, पैसे भरतात, आलेला अहवाल जोडतात. त्यात तू स्वतः काय पाहिलंस, असं विचारलं की मान खाली जाते. म्हणून पहिल्या बैठकीत मी प्रत्येकाला एकच विचारते: तुझ्या घरी, तुझ्या वाटेवर असं काय दिसतं ज्याचं कारण तुला माहीत नाही?

ही मुलगी म्हणाली, “डोमकळ्या.”

बोंडअळीची लहान अळी कपाशीच्या पातीत, म्हणजे फुलाच्या कळीत, शिरते आणि फूल उमलायच्या बेतात असताना पाकळ्या आतून धाग्याने शिवून टाकते. फूल उघडत नाही, गुलाबाच्या कळीसारखं मिटून राहतं. तीच डोमकळी. गेली काही वर्षं आई तिला हंगामात डोमकळ्या तोडून आणायला पाठवत होती. तिला प्रश्न पडला होता, की एका वर्षी ओंजळभर निघतात आणि दुसऱ्या वर्षी टोपलं भरतं, हे आधी कळू शकत नाही का? असा प्रश्न पुस्तकातून येत नाही.

प्रश्नाला मागचा इतिहास होता आणि तो तिला ठाऊक असणं गरजेचं होतं. भारतात बीटी कापसाला परवानगी मिळाली 2002 मध्ये, अळीला मारणाऱ्या एका प्रथिनाच्या वाणाला. दोन प्रथिनांचं वाण 2006 मध्ये आलं. पहिल्या प्रथिनाला गुलाबी बोंडअळीने दाद देणं सोडल्याचं 2010 मध्ये गुजरातमधून जाहीर झालं, पुढे दुसऱ्याचीही तीच गत झाली. बीटीच्या पाकिटाबरोबर बिगर-बीटी बियाण्याची वेगळी पुडी मिळायची. ती कडेने पेरायची, म्हणजे बीटी पचवणाऱ्या पतंगांना बीटी न पचवणारे जोडीदार मिळत राहतात आणि प्रतिकार लवकर पसरत नाही, हा त्यामागचा विचार. बहुतेकांनी ती पुडी पेरलीच नाही. वावराचा तुकडा अळीला सोडायचा, हे कोणत्याही शेतकऱ्याला पटणं अवघडच, आणि त्याला ते नीट समजावून सांगणारंही फारसं कुणी नव्हतं. त्यात फरदडीची सवय. वेचा संपला तरी पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, उभी ठेवून आणखी थोडा कापूस घ्यायचा, म्हणजे अळीला उन्हाळ्यापर्यंत खाणं मिळतं. 2017 च्या हंगामात विदर्भात या अळीने कहर केला. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो दवाखान्यात भरती झाले. या दुसऱ्या गोष्टीचा या प्रकरणाशी थेट संबंध आहे.

सापळा काय सांगतो

कामगंध सापळ्यात मादीच्या गंधाची नक्कल केलेला ल्युर, म्हणजे आमिष, लावतात. गुलाबी बोंडअळीच्या मादीचा हा गंध म्हणजे दोन जवळजवळ सारख्या रेणूंचं निम्मं-निम्मं मिश्रण. शास्त्रज्ञांनी ते 1973 मध्ये ओळखलं. त्या गंधाने रात्री नर पतंग येतात, नरसाळ्यातून खालच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत पडतात. सकाळी पिशवी सोडायची, पतंग मोजायचे, पिशवी रिकामी करून पुन्हा बांधायची.

यातल्या तीन गोष्टी मी तिच्याकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतल्या. एक, सापळा फक्त नर पकडतो. मादी, अंडी, अळ्या यांच्याबद्दल तो स्वतःहून काही सांगत नाही. दोन, येणारे नर त्याच वावरातले असतीलच असं नाही, शेजारून उडत येतात. तीन, पिशवी रोज रिकामी केली तरच आकडा एका रात्रीचा असतो. फवारणी कधी करावी याची जी आर्थिक नुकसानीची पातळी सांगतात, ती रात्रीवरच बांधलेली आहे: एका सापळ्यात एका रात्री 8 पतंग, सलग 3 रात्री. किंवा 10 टक्के डोमकळ्या, किंवा 10 टक्के हिरव्या बोंडांत अळी.

तिने तीन वावरं निवडली. एक वडिलांचं, एक काकांचं, आणि एक वडिलांच्या वावरापलीकडच्या शेजाऱ्याचं. त्या शेजाऱ्याने कपाशीत तूर घेतलेली होती आणि तो फवारा कमी मारायचा. तुलनेसाठी बरं, म्हणून ते घेतलं. तिथे जायची पायवाट वडिलांच्या वावरातूनच जाते, याकडे तेव्हा कुणाचं लक्ष जायचं कारण नव्हतं.

आलेख

दसऱ्याच्या सुमारास ती आलेख घेऊन आली. आलेखकागदावर हाताने काढलेला, तीन वावरांच्या तीन रंगांच्या रेषा, फवारणीच्या तारखांना उभे बाण. खाली तिने वाक्य लिहिलं होतं: ‘फवारणीनंतर 3 दिवस पतंगांची संख्या शून्यावर येते व त्यानंतर अचानक वाढते.’ तिच्या चेहऱ्यावरचा आनंद लपत नव्हता. काहीतरी सापडलं होतं, आणि ते घरच्यांना सांगण्यासारखं होतं.

रेषा खरंच देखण्या होत्या. वडिलांच्या वावरातल्या एका सापळ्याचे आकडे सलग असे: 5, 6, 5, मग बाण, मग 0, 0, 0, मग 34. काकांनी वडिलांबरोबरच फवारलं होतं, तिथेही हाच आकार. मी शेजाऱ्याच्या वावराची हिरवी रेषा बोटाने धरून पुढे नेली: 4, 3, 5, 0, 0, 0, 15.

“इथं त्या दिवशी फवारा मारला होता का?”

“नाही मॅडम.”

“मग इथले नर कुठं गेले?”

तिने आधी वाऱ्याचं कारण दिलं, औषध उडून गेलं असेल म्हणाली. वाईट उत्तर नव्हतं. मग मी विचारलं, की वडिलांचं सगळं वावर औषधाने धुऊन काढलं तरी आजूबाजूच्या शिवारातले नर गंधाने यायचे कसे थांबतील? त्यावर ती विचारात पडली. सापळ्याबद्दलची दुसरी गोष्ट तिला पाठ होती. ती आपल्याच आलेखाला लावून बघायची असते, हे त्या क्षणी तिच्या ध्यानात येत होतं. शेवटी मी साधा प्रश्न केला: “या तीन सकाळी वावरात कोण गेलं होतं?”

“कुणीच नाही. फवारा मारला की आई वावरात पाय ठेवू देत नाही.”

2017 मध्ये त्यांच्या गावातही माणसं दवाखान्यात गेली होती. फवारलेल्या वावरात लेकीने तीन दिवस जायचं नाही, हा आईने घालून दिलेला नियम होता आणि तो योग्यच आहे. पायवाट तिथूनच, म्हणून पलीकडचं वावरही बंद, आणि काकांच्या वावरात तर त्याच दिवशी औषध पडलेलं. म्हणजे तिन्हीकडे शून्य. आणि चौथ्या दिवशी पिशवीत सापडलेले 34 पतंग एका रात्रीचे नव्हते, चार रात्रींचे होते. ‘अचानक वाढते’ ते यामुळे.

शास्त्राच्या बाजूने बघितलं तर ही चूक वरवर दिसते त्यापेक्षा खोल आहे. नोंदी कुठल्याही दिवशी अशाच गळाल्या असत्या तर नुकसान मर्यादित राहिलं असतं. इथे नोंदी गळत होत्या त्या नेमक्या फवारणीनंतर, म्हणजे जे मोजायचं होतं त्याच्याशीच गळती बांधलेली होती. अशी शून्यं आलेखात गेली की औषध रामबाण दिसतं. त्याहून गंभीर म्हणजे पातळी ओलांडल्याचंही झाकलं जातं. वहीप्रमाणे त्या सापळ्यात 8 चा आकडा एकाच दिवशी पार झाला, सलग 3 रात्री कधीच नाही. 34 ला 4 ने भागलं तर रात्रीला साडेआठ. म्हणजे पातळी ओलांडली असण्याची शक्यता होती.

ती लगेच म्हणाली, मग सगळीकडे साडेआठ लिहून टाकू. तेही नाही. एका रात्री 25 आणि बाकीच्या तीन रात्री मिळून 9 असंही झालेलं असू शकतं. शिवाय पिशवीत पडलेले पतंग मुंग्या नेतात, पाऊस आला तर कुजून लगदा होतो, तेव्हा 34 हा निदान एवढे तरी आले असं सांगणारा आकडा. माहीत असलेलं एकच: चार रात्रींत मिळून किमान 34. तेवढंच लिहायचं.

शून्य आलं कुठून

विभागात मी हे मांडलं तेव्हा दोन मतं पडली. एका सहकाऱ्याचं म्हणणं, ही सरळ बनवाबनवी आहे, प्रकल्प रद्द करा, बाकीच्यांना वचक बसेल. दुसऱ्याचं म्हणणं, एम.एस्सी.चा प्रकल्प तो, कोण बघतंय, रकाने भरलेले आहेत तर पुढे जाऊ द्या. मला दोन्ही पटलं नाही. तिने ती शून्यं का लिहिली हे कुणीच विचारलं नव्हतं, आणि ते कळल्याशिवाय शिक्षा काय नि माफी काय, दोन्ही आंधळंच.

मी तिला विचारलं. उत्तर तिच्या शब्दांत: “मोजलेच नाहीत ना मॅडम, मग शून्यच.”

त्यांच्या घरी वेचणीच्या मजुरीची एक वही असते. शंभर पानी, मळकी, कोपरे दुमडलेली. तारीख, कुणाच्या वावरात, आईने किती किलो वेचलं, मुलीने किती. ज्या दिवशी कुणी गेलं नाही त्या दिवशी तिथे 0 लिहितात, आणि तिथे ते शंभर टक्के बरोबर आहे. वेचायला गेलं नाही म्हणजे कापूस शून्य किलो, मजुरी शून्य. लहानपणापासून हिशेब लिहायला ती जे शिकली ते या वहीतून. सापळ्याच्या वहीत तिने तोच नियम लावला. फरक एवढाच, की माणूस गेलं नाही तर कापूस वेचला जात नाही, पतंग मात्र सापळ्यात येतच राहतात. हा फरक जीवशास्त्राच्या कुठल्या धड्यात आपण शिकवतो? मला तरी अभ्यासक्रमात सापडलेला नाही.

उलट आपलं प्रात्यक्षिक त्याच्या विरुद्धच शिकवतं. जर्नलमध्ये रिकामा रकाना चालत नाही. निरीक्षण आलं नाही तर मागच्या वर्षीच्या जर्नलमधून उतरवायचं, ही रीत किती महाविद्यालयांत आहे हे शिकवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मेंडेलच्या प्रमाणासाठी रंगीत मण्यांचा प्रयोग करतात; मणी न बघता उचलायचे आणि मोजायचे. खरोखर उचलले तर प्रमाण कधी 3.6 ला 1 येईल, कधी 2.4 ला 1. आमच्या मुलांचं सगळ्यांचं 3 ला 1 च येतं. स्वतः मेंडेलचं गोल आणि सुरकुतलेल्या वाटाण्यांचं प्रमाण होतं 5474 ला 1850, म्हणजे 2.96 ला 1. आणि मेंडेलचे सगळे आकडे एकत्र धरले तर ते अपेक्षेच्या जरा जास्तच जवळ जातात, असं संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी 1936 मध्ये दाखवलं होतं. त्यावरचा वाद पुढे कित्येक दशकं चालला. वर्गात हे सांगितलं की मुलं दचकतात. आकडे फार चांगले असणं हीच शंकेची जागा असू शकते, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांनंतर प्रबंध सॉफ्टवेअरमधून जातो, किती टक्के मजकूर इतरांशी जुळतो ते निघतं, 10 टक्क्यांच्या आत असला की सुटलो. ते हवंच. पण या प्रबंधातली शून्यं त्या यंत्रातून एकही डाग न पडता बाहेर आली असती.

वीस बोंडं

दोन कामं करायची ठरली. पहिलं लगेच, कारण हंगाम चालू होता: सापळा काही का सांगेना, बोंडात अळी आहे की नाही ते बघायचं. एकरी 20 हिरवी बोंडं, वावरात तिरप्या वाटेने चालत, निवड न करता तोडायची आणि फोडायची. 2 किंवा जास्त बोंडांत जिवंत अळी असेल तर 10 टक्के.

मी गेले होते. वडील बांधावर उभे. “वीस बोंडं फोडाले लावता मॅडम तुम्ही. आमी तं दोन फोडतो अन् समजून घेतो.” त्यांना नासाडी दिसत होती आणि त्यात वावगं काही नव्हतं, हिरवं बोंड म्हणजे महिनाभराने येणारा कापूस. लेकीने त्यांना समजावलं, की दोन फोडून दोन्ही चांगली निघाली तरी वावर चांगलं आहे असं होत नाही. तिने बापाला नमुना निवडीचं गणित मराठीत समजावणं आणि बापाने उलट प्रश्न करणं, हे बघताना मला वाटलं, तोंडी परीक्षा घ्यायची तर अशीच घ्यावी. “मंग वीसच काऊन? तीस काऊन नाही?” हा त्यांचा प्रश्न मी नंतर वर्गात जसाच्या तसा वापरला.

पहिली चार-पाच बोंडं तिने भराभर ‘अळी नाही’ म्हणून टाकली. मी एक उचलून बोंडाच्या सालीचा आतला भाग तिच्यासमोर धरला. बाहेरून बोंड ठणठणीत. अळी शिरते ते छिद्र इतकं बारीक की बोंड वाढता वाढता बुजून जातं. आतल्या भिंतीवर मात्र फोडासारखी छोटी गाठ होती, आणि सरकीजवळ तांदळाच्या कणीएवढी पांढरट अळी, डोकं तपकिरी. ती गुलाबी अळी शोधत होती. या अळीला गुलाबी रंग चढतो तो मोठी झाल्यावर; कोवळ्या अळ्या पांढऱ्याच असतात. टाकलेली बोंडं पुन्हा उचलली. त्या एकरात 20 पैकी 3 बोंडांत जिवंत अळी निघाली.

पातळी ओलांडली होती आणि औषध तर नुकतंच मारून झालं होतं. यावरून औषध निकामी, असं मी तिला लिहू दिलं नाही. फवारा बाहेर असलेल्याला लागतो, बोंडात शिरलेल्या अळीपर्यंत तो पोचत नाही. फोडलेल्या बोंडांतल्या अळ्या फवारणीआधी शिरलेल्या असू शकतात. फवारणीचा परिणाम तपासायचा तर फवारलेली आणि न फवारलेली वावरं आधीपासून तशी आखून ठेवावी लागतात. तिच्या आखणीत ते बसत नव्हतं. वडिलांनी त्या वर्षी फरदड ठेवली नाही, जानेवारीच्या आधी पऱ्हाटी उपटली. ते आमच्या सांगण्यावरून झालं असं म्हणायला मी धजणार नाही. विहिरीला पाणी टिकलं होतं आणि त्यांना उन्हाळी भुईमूग पेरायचा होता.

वही पुन्हा लिहिणं

दुसरं काम कंटाळवाणं होतं आणि माझ्या मते याच कामात ती संशोधक झाली. वहीतलं प्रत्येक शून्य घ्यायचं आणि त्याला विचारायचं: तू खरं आहेस का? आठवणीवर भरवसा नाही, पुरावा आणायचा.

पुरावा घरातच होता. कृषी केंद्राच्या बिलांवर आणि कच्च्या चिठ्ठ्यांवर औषध आणल्याच्या तारखा. मोबाइलमधले सापळ्यांचे फोटो, त्यांच्यावर वेळ आणि दिवस. आणि आईची वेचणीची वही, तिच्यात दोघी दुसऱ्याच्या वावरात मजुरीला गेल्याच्या तारखा. फवारणीनंतरचे दिवस सरळ बाद झाले. काही शून्यं फोटोंमुळे खरी ठरली, रिकामी पिशवी त्यात दिसत होती. बाकी राहिले वेचणीचे दिवस. त्या दिवशी भल्या पहाटे सापळे बघून मग ती मजुरीला गेली असेल का? काही दिवशी गेली होती, काही दिवशी नाही, आणि कोणत्या दिवशी कोणतं ते तिला सांगता येईना. सुरुवातीला ती अंदाजाने ठरवू लागली. मी थांबवलं. अशा जागी प्रश्नचिन्ह टाकायचं आणि ते तसंच राहू द्यायचं.

नव्या तक्त्यात तीन खुणा आल्या. 0 म्हणजे गेले, पिशवी बघितली, रिकामी होती. आडवी रेघ म्हणजे गेले नाही. प्रश्नचिन्ह म्हणजे सांगता येत नाही. आणि खंडानंतरच्या आकड्यापुढे ‘इतक्या रात्रींचे मिळून’. पहिला तक्ता सोडून दिला नाही. तोही परिशिष्टात ठेवला, कोणतं शून्य कशाच्या आधारे बदललं याच्या खुलाशासह.

एवढं झाल्यावर हातात काय उरलं? रात्रीचा हिशेब बराचसा गेला. पण या सापळ्याचा एक गुण कामी आला: तुम्ही गेला नाहीत तरी पतंग पिशवीतच राहतात. तेव्हा खंड ज्या आठवड्यात पूर्ण मावतो त्या आठवड्याची बेरीज, शून्य खरं असो की खोटं, तीच राहते. मुंग्या-पावसाने होणारी घट तेवढी धरायची. हे तिचं तिलाच सुचलं, एका संध्याकाळी फोन करून तिने सांगितलं, आणि त्यात मी काही भर घालण्यासारखं नव्हतं. प्रबंधाचं एकक रात्रीऐवजी आठवडा झालं. आठवड्याच्या बेरजा आणि त्याच वावरातल्या डोमकळ्यांच्या मोजणीची तुलना हा नवा गाभा. फवारणीबद्दलचं ते देखणं वाक्य गेलं. ते खोडताना तिला वाईट वाटलं, हे तिने लपवलं नाही.

तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी तक्ता उघडल्याबरोबर विचारलं, या रेघा कसल्या? तिने सांगितलं. आईचा नियम, पायवाट, वेचणी, सगळं. परीक्षक बराच वेळ परिशिष्ट वाचत राहिले, मग पुढचे प्रश्न पतंगाच्या जीवनक्रमावर विचारले. गुण बरे मिळाले, पण तिच्याच वर्गात ज्यांचे तक्ते पूर्ण भरलेले होते त्यांच्यातल्या काहींना तिच्याहून जास्त मिळाले. हे लिहून ठेवणं गरजेचं वाटतं, कारण खरं लिहिलं की गुण वाढतात असा समज कुणी करून घेऊ नये. आज ती एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते आणि सेटची, म्हणजे प्राध्यापकपदाच्या राज्य पात्रता परीक्षेची, तयारी करते.

विभागात काय बदललं

क्षेत्रकामाची नोंदवही बदलली. आता प्रत्येक आकड्याबरोबर तीन गोष्टी लिहाव्या लागतात: किती वाजता बघितलं, कुणी बघितलं, आणि मागच्या वेळी पिशवी कधी रिकामी केली होती. गेलो नाही याला स्वतःचा रकाना आहे आणि त्यासमोर कारणाची जागा. पहिल्या महिन्यात मी आकडे तपासत नाही, गैरहजेरीची कारणं वाचते. त्यातून वावराची अशी माहिती मिळते जी आकड्यांतून कधी मिळाली नसती: पोळा, नाल्याचा पूर, फवारणी, रानडुकरांनी पाडलेला सापळा.

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला एक प्रात्यक्षिक नव्याने घेतो. दोन पिशव्या ठेवायच्या, दोन्ही रिकाम्या. एकीवर चिठ्ठी, सापळा लावून एक रात्र झाली. दुसरीवर चिठ्ठी, ल्युर लावलेलाच नव्हता. दोन्हींसाठी वहीत काय लिहाल? अर्धा वर्ग दोन्हीकडे शून्य लिहितो, मग भांडण सुरू होतं आणि तास पुरत नाही.

सापळे आता जोडीने देतो, शक्यतो एकाच गावच्या दोघांना, म्हणजे एकाला जमलं नाही तर दुसरा जाईल. फवारणीच्या दिवसांना मात्र जोडीचाही उपयोग नाही. त्या दिवशी कुणीही जायचं नाही, हा आईचा नियम विभागाने लेखी स्वीकारला आहे, आणि सापळे लावतानाच किमान एक तरी असा निवडायचा जिथे फवारलेल्या वावरातून न जाता पोचता येतं.

वेचणीच्या दिवसांचं अजून सुटलेलं नाही. दिवाळीच्या मागेपुढे मजुरीचे दर चढतात, घराला पैसा लागतो, आणि अळीच्या दृष्टीने नेमका तोच काळ महत्त्वाचा. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठीची केंद्र सरकारची इन्स्पायरसारखी शिष्यवृत्ती बारावीला मंडळाच्या वरच्या 1 टक्क्यात येणाऱ्यांसाठी आखलेली. आमच्या वर्गात तिच्यापर्यंत पोचलेलं कुणी क्वचितच असतं. प्रकल्पाच्या खर्चात सापळे आणि ल्युर बसतात, विद्यार्थिनीचा बुडालेला रोज बसत नाही. यंदा आम्ही महाविद्यालयाकडे त्या काळापुरता क्षेत्रकामाचा दैनिक भत्ता मागितला आहे. अर्जासोबत त्या प्रबंधातला तक्ता जोडला आहे, रेघा आणि प्रश्नचिन्हांसकट.